पेटींत काय ठेवावें ?

शाळेच्या वार्षिक अंकांत शिक्षकानें कांहीं लिहिलें कीं तो उपदेशच असावयाचा, असा समज आमच्या विद्यार्थ्यांत रूढ आहे. आणि तो अगदींच निराधार आहे असें आमच्यानें म्हणवत नाहीं. तथापि या खेपेस आम्ही लिहिणार आहों तें एका खेळाविषयीं. हा खेळ वर्गांतील मुलांनींच आम्हांस समजावून दिला, आणि त्यावरून वर्गांत एक वादही माजला. त्या वादांत आम्हीं जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांसच पुरेसें वाटलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई होय.

या खेळास जिओकॅशिंग असें नांव आहे. कोणी एकानें एक लहानशी पेटी कोठें तरी दडवून ठेवावयाची, त्या जागेचे अक्षांश व रेखांश जाहीर करावयाचे, आणि इतरांनीं मोबाइलच्या साह्यानें ती जागा हुडकून काढावयाची. पेटी सांपडली म्हणजे आंतील वहींत आपलें नांव व तारीख लिहावयाची, एखादी क्षुल्लक वस्तु घेतल्यास तिच्या जागीं दुसरी ठेवावयाची, आणि पेटी जशी होती तशी पुन्हा दडवून निघून जावयाचें. बक्षीस नाहीं, पंच नाहीं, प्रेक्षकही नाहींत. उपग्रहांवरून पृथ्वीवरील आपली जागा ओळखण्याची ही विद्या अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें मुळांत सैन्यासाठीं सिद्ध केली होती, आणि सामान्य लोकांस मिळणारा संकेत मुद्दाम अंधुक ठेवलेला असे. इ. स. २००० च्या मे महिन्याच्या आरंभीं हें बंधन उठलें, आणि ३ मे रोजीं ऑरेगन राज्यांतील डेव्ह अल्मर नांवाच्या गृहस्थानें रानांत एक बादली ठेवून तिचा ठावठिकाणा प्रसिद्ध केला. आज जगांत अशा तीस लाखांहून अधिक पेट्या आहेत. पुष्कळ खेळाडू या कामीं सैन्यांतील काडतुसांच्या जुन्या पत्र्याच्या पेट्या वापरतात, कारण त्यांत पाणी शिरत नाहीं. ज्या पेटींत एके काळीं काडतुसें होतीं, तींत आतां एक वही आणि एक पेन्सिल असते. ही गोष्ट मुलांनीं सहज सांगितली, पण आमच्या मनांत ती घर करून राहिली.

परदेशांत जुने किल्ले, खंदक व रणक्षेत्रें यांच्या अनुरोधानें अशा पेट्यांच्या मालिका रचल्या गेल्या आहेत. एका पेटीवरून दुसरीकडे जातां जातां एका युद्धाचा इतिहास पायांखालून जातो. तशी एक मालिका आपण बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत रचावी, अशी कल्पना नववींतील कांहीं मुलांनीं काढली. आमचें मूळ गांव त्याच बाजूस असल्यामुळें ते यादी घेऊन आमच्याकडे आले. यादी चांगली होती : सुपें, बारामती, इंदापूर आणि नीरा नरसिंहपूर. परंतु बारामतीच्या लढाईचें नांव निघतांच एका मुलानें विचारलें, "सर, यांत आपली बाजू कोणती ?" एक म्हणाला पेशव्यांची, दुसरा म्हणाला होळकरांची. पांच मिनिटांत गोष्ट आडनांवांवर व जातींवर गेली. तिसऱ्यानें सुचविलें कीं, भांडण नको, बारामतीच यादींतून गाळावी. "इतिहासांत बाजू घ्यावयाची नसते," असें ठराविक उत्तर देऊन आम्हीं तास संपविला. पण मुलांचीं तोंडें पाहून तें उत्तर त्यांस पटलें नाहीं हें उघड दिसत होतें.

बारामती गाळावी काय ? आमचें म्हणणें असें कीं, सर्व गाळलें तरी चालेल, पण बारामती गाळूं नये.

त्या लढाईची हकीकत थोडक्यांत अशी. इ. स. १८०१ मध्यें यशवंतराव होळकरांचे बंधु विठोजी यांस दुसऱ्या बाजीरावांनीं पुण्यांत हत्तीच्या पायीं देऊन मारविलें. पुढील वर्षीं यशवंतराव फौजेनिशीं दक्षिणेंत उतरले. १८०२ च्या ऑक्टोबरांत त्यांचे सरदार फत्तेसिंग माने यांनीं बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेस गांठून तिचा मोड केला. त्याच महिन्याच्या २५ तारखेस, ऐन दिवाळींत, हडपसरच्या माळावर होळकर एका बाजूस व शिंदे-पेशवे दुसऱ्या बाजूस अशी मोठी लढाई होऊन होळकरांची सरशी झाली. बाजीराव पुणें सोडून कोंकणांत उतरले, तेथून वसईस गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं इंग्रजांशीं तह केला. पुढील एप्रिलांत बाजीरावांस पुन्हा गादीवर बसविण्यासाठीं जनरल आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून फौज घेऊन याच मुलुखांत आला. अमृतराव पुणें जाळणार अशी वार्ता कानीं येतांच तो निवडक फौजेसह बारामतीच्या बाजूनें घाईनें निघाला, आणि सुमारें साठ मैलांची मजल मारून २० एप्रिल १८०३ रोजीं पुण्यास पोंचला. पांच महिन्यांनीं असईच्या रणांत त्यानें शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. १८१५ सालीं वॉटर्लू येथें नेपोलियनास जिंकणारा वेलिंग्टनचा ड्यूक तो हाच.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. वॉटर्लूची लढाई आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर नकाशा काढून शिकविली आहे. ती जिंकणारा सेनापति आमच्या बारामतीच्या वाटेनें घोडा दौडवीत गेला होता, हें मात्र आम्हांस विद्यार्थिदशेंत कोणी सांगितलें नाहीं, आणि पुढें शिक्षक झाल्यावर आम्हींही कोणास सांगितलें नाहीं. ज्या कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाइकांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं आपल्या आर्या रचल्या, त्याच कांठीं, त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या आठ वर्षांनीं, महाराष्ट्राच्या स्वातंत्र्याची वाट वांकडी झाली. हें विद्यार्थ्यांस पुस्तकांतून नव्हे तर त्या जागीं उभें राहून कळावें, यासाठींच असा खेळ उपयोगी पडतो.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. बारामतीस आपली बाजू कोणती ? दोन्ही बाजूंस लढणारे बहुतेक याच भूमीचे होते. एकाच्या भावाचा वध झाला होता, दुसऱ्याच्या राज्यावर चाल झाली होती. रागावण्यास दोघांसही कारण होतें. पण या दोघांच्या झुंजींत एक तिसरा पक्ष होता, आणि त्याचें नांव आमच्या मुलांच्या यादींत नव्हतें, आमच्या फळ्यावरही कधीं नव्हतें. तो पक्ष म्हणजे बारामती-इंदापूरचा कुणबी. होळकरांच्या फौजा व त्यांच्या मागून आलेले पेंढारी यांनीं हा मुलूख लुटला. उभीं पिकें घोड्यांच्या तोंडीं गेलीं, पेवें रिकामीं झालीं. लगेच पावसानें दगा दिला, आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. इंदापूर परगण्यांतील गांवेंच्या गांवें ओस झालीं. बारामतीची लढाई एका दिवसांत संपली असेल, पण तिची किंमत इंदापूरचा शेतकरी पुढें कित्येक वर्षें भरीत होता. आमची बाजू विचारीत असाल तर आम्ही त्या ओस गांवांच्या बाजूचे, असें उत्तर आम्हीं त्या दिवशीं द्यावयास हवें होतें.

ही गोष्ट एकट्या बारामतीची नव्हे. यादींतील प्रत्येक ठिकाणाला अशा दोन कथा आहेत. सुप्याचेंच पाहा. शहाजीराजांच्या जहागिरींतील हें ठाणें शिवरायांचे सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्या ताब्यांत होतें. मामा ऐकत ना. तेव्हां शिमग्याचें पोस्त मागण्याच्या निमित्तानें जाऊन शिवरायांनीं त्यांस पकडलें व ठाणें घेतलें, असें बखरकार सांगतो. मुलांस ही कथा फार प्रिय आहे, आणि ती असावीही. रक्ताचा सडा न घालतां युक्तीनें मिळविलेला तो जय आहे. पण त्याच सुप्याच्या बाजारांत १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला, त्यांचीं खातीं व कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. दक्षिणेंतील दंगे म्हणून इतिहासांत त्याची नोंद आहे. सुप्याची पेटी उघडणाऱ्या मुलानें पहिली कथा वाचावी आणि दुसरी वाचूं नये, हें आम्हांस अर्धें शिक्षण वाटतें.

इंदापूरचें तसेंच. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले येथें लढतां लढतां पडले. त्यांच्या नांवाची गढी गांवांत आहे, आणि त्याच गांवांत चांदशावली बाबांचा दर्गाही आहे. मालोजींस नगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेनें पुत्र झाले, म्हणून त्यांनीं त्यांचीं नांवें शहाजी व शरीफजी अशीं ठेविलीं, असें परंपरा सांगते. जो योद्धा आपल्या मुलांस पिराचें नांव ठेवतो, त्याच्या स्मरणासाठीं जाणाऱ्या मुलांनीं कोणाविषयीं मनांत अढी घेऊन परत येऊं नये, एवढें तरी त्या पेटीनें साधावें.

याच इंदापुरांत आणखी एक मोहीम झाली. तींत तलवार नव्हती, सांखळी होती. पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें येथें जी साऱ्याची आकारणी केली ती रयतेस झेपेना. जे शेतकरी परत आले होते तेही जमिनी टाकून जाऊं लागले. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनीं पुन्हा मोजणी व प्रतबंदी करून १८३६ सालीं तीस वर्षांसाठीं नवा हलका सारा ठरविला. सबंध मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचा पाया या तालुक्यांत घातला गेला. आमच्या घरच्या उताऱ्यावर जे एकर व गुंठे लिहिलेले असतात, त्यांचें मूळ त्या मोजणींत आहे. आज मोबाइल हातीं घेऊन अक्षांश-रेखांश शोधणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, हीच भूमि त्यांच्या आधीं कोणी तरी उन्हातान्हांत तेहेतीस फुटांच्या सांखळीनें पावलापावलानें मोजली आहे, आणि युद्धानें ओसाड झालेलीं शिवारें पुन्हा नांगराखालीं आणण्यास असल्याच निमूट कामांची गरज लागते.

नीरा नरसिंहपूर हें जिल्ह्याच्या अगदीं टोंकाचें ठिकाण. नीरा व भीमा यांचा संगम येथें होतो. येथील लक्ष्मीनृसिंहाचें भव्य देऊळ विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनीं बांधविलें. हे सरदार १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संहारांतून जिवंत परत आलेल्यांपैकीं होत. त्या दिवशीं न परतलेल्या हजारों माणसांची देवळें कोणीं बांधलीं ? आणि माणसांबरोबर जीं गेलीं त्या भीमथडीच्या तट्टांचें काय ? लहान चणीचीं, काटक, थोड्या वैरणीवर लांब मजल मारणारीं हीं घोडीं याच नदीकांठचीं. त्यांस यमुनेचें पाणी पाजल्याचा अभिमान आपण अजून मिरवितों. भीमथडी घोड्यास अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली आहे, आणि आज तो धनगरांच्या मेंढवाड्याबरोबर बिऱ्हाड वाहतांना दिसतो. मालिकेंत एक पेटी त्याच्याही नांवाची असावी.

म्हणून आमची सूचना अशी. मालिका अवश्य करावी. पण प्रत्येक पेटींत तीन कागद ठेवावे. पहिल्यावर त्या ठिकाणीं कोण लढलें व कोणाचा जय झाला हें लिहावें. दुसऱ्यावर त्या लढाईची किंमत कोणीं भरली हें लिहावें. तिसरा कागद कोरा असावा, आणि पेटी शोधणाऱ्या विद्यार्थ्यानें त्यावर आपल्या गांवांतून, आपल्या आजी-आजोबांकडून मिळविलेली एक तरी खरी माहिती लिहावी. एक उदाहरण देतों. पहिल्या महायुद्धांत या देशांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापार गेलीं. महाराष्ट्रांतील कित्येक गांवीं चावडीवर किंवा वेशींत एक संगमरवरी शिळा बसविलेली आढळते. या गांवांतून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या युद्धास गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढेंच तीवर असतें. आंकडे आहेत, नांवें नाहींत. अशी शिळा आपल्या गांवीं असल्यास ती शोधावी, आणि त्या आंकड्यांतील एक तरी नांव हुडकून आणावें. आमच्या मतें या सबंध खेळांतील सर्वांत मोलाची पेटी तीच.

या सूचनेवर आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहींत. पहिला असा कीं, रणभूमि ही पूज्य जागा. तेथें खेळ कशाला? आम्हांस वाटतें, ज्या जागेकडे कोणी फिरकतच नाहीं ती नुसत्या पूज्यतेनें टिकत नाहीं. भीमेवरील उजनी धरणाच्या पाण्यांत इंदापूर तालुक्यांतील जुनें पळसदेव बुडालें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं पुरातन देऊळ वर येतें. त्याचे अक्षांश-रेखांश तेच आहेत, पण भोंवतालचें गांव उठून गेलें. स्थळाची आठवण दगड राखीत नाहींत, तेथें जाणारीं माणसें राखतात. मुलें खेळत खेळत जावोत, पण जावोत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. बेवारशी पेटी पाहून लोक भिणारच. २०११ सालीं इंग्लंडांतील वेदरबी गांवीं अशाच एका पेटीस बॉम्ब समजून पोलिसांनीं रस्ते बंद केले, आणि सैन्याच्या पथकानें ती उडवून दिली. तेव्हां आपल्या मालिकेस कांहीं नियम हवेतच. ग्रामपंचायतीस व पोलिसांस आधीं कळवावें. कोणाच्या शेतांत पाऊल टाकण्यापूर्वीं मालकास विचारावें, आणि उभ्या पिकांतून तर मुळींच जाऊं नये. होळकरांच्या घोड्यांनीं केलें तें आपल्या पायांनीं पुन्हा करूं नये. गढी, वाडा, देऊळ, दर्गा यांच्या भिंतींत कांहीं खुपसूं नये व जवळपास खणूं नये. जुन्या वास्तु विद्रूप करणें कायद्यानेंही दंडनीय आहे. अशा ठिकाणीं पेटी न ठेवतां केवळ एखादा प्रश्न ठेवावा, ज्याचें उत्तर तेथें जाऊन डोळे उघडे ठेवल्यावांचून मिळणार नाहीं. खरी पेटी जवळच्या शाळेंत किंवा वाचनालयांत असावी, म्हणजे ती मागण्याच्या निमित्तानें तेथील माणसांशीं चार शब्द बोलणें घडेल.

तिसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक मुलाकडे मोबाइल नसतो, आणि तो असावा असें आम्ही म्हणणारही नाहीं. आठ मुलांच्या तुकडीस एक पुरे. एकानें यंत्र पाहावें, एकानें कागदी नकाशा, एकानें वहींत लिहावें, आणि बाकीच्यांनीं वाटेंत भेटणाऱ्या माणसांस विचारावें. आमचा अनुभव असा कीं, इंदापुराकडील म्हातारा मेंढपाळ जें सांगतो तें कोणत्याही उपग्रहास ठाऊक नसतें.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही पुन्हा त्या वर्गांत गेलों, आणि ज्यानें "आपली बाजू कोणती" असें विचारलें होतें त्या मुलास म्हटलें कीं, बारामतीची पेटी तूंच तयार कर. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "सर, पहिला कागद सोपा आहे. दुसऱ्यासाठीं कोणाला विचारूं ?" आम्हीं त्यास सांगितलें कीं, दिवाळीच्या सुटींत आपण दोघे मिळून गांवीं जाऊं आणि विचारूं. ज्या विद्यार्थ्यांस बरोबर यावयाचें असेल त्यांनीं आपलीं नांवें आमच्याकडे द्यावीं. येतांना एक वही, एक पेन्सिल आणि पुरेसें पाणी आणावें; आडनांवांचें भांडण मात्र घरीं ठेवून यावें.